एकशे साडेचार अंशांचा एल्बो

पाण्याचा थेंबसुद्धा ज्याला अवाढव्य वाटतो, असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच: माझ्या दुकानासमोर राहणारे, कॉलेजातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे सर. बाकीचं गाव नळाला पाणी कधी येणार याच्या चौकशीत. सर मात्र पाण्याचे सहा कण, म्हणजे रेणू, एकत्र आले तर कसे बसतील, या काळजीत. पाच जण असेपर्यंत म्हणे ते हात धरून गोल फेर धरतात, सहावा आला की पिंजरा होतो. दुकानात सहावं गिऱ्हाईक शिरलं की सर टाळी वाजवून ओरडत, "झाला पिंजरा!" गिऱ्हाईक दचकून पायरीवरूनच परत फिरे.

सात रस्त्याजवळ माझं पाइप आणि टाक्यांचं दुकान. वैराग गावाहून एका पिशवीनिशी आलो, कोणाचं काही घेतलं नाही, घासाघीस करत इथवर पोचलो. सर पहिल्यांदा आले ते एल्बो मागायला, म्हणजे पाइपला वळण द्यायचा तुकडा. नव्वद अंशांचा दाखवला, पंचेचाळीसचा दाखवला.

"एकशे साडेचारचा द्या. पाण्याच्या कणाचा कोन तेवढा असतो. मला नमुना बांधायचाय."

"सर, तसला कंपनी काढत नाही."

"पाणी काढतं की!"

घासाघिशीत मी हरलो तो तेवढाच. मग रोज चहाला येऊन कण हात कसा देतो आणि दुसरा तो कसा घेतो, हे ते सांगत बसत. मी ऐकत असे. का, ते मलाही कळत नसे.

दसऱ्याच्या पूजेला त्यांनी चार प्लंबरांना हात धरून गोल उभं केलं. मी कोपऱ्यात फोनवर भाव पाडत होतो. फोन ठेवला आणि सरांचं बोलणं कानावर आलं, "आमचे मालक पक्के घेणारे!" सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

"माझाच चहा पिऊन मलाच घेणारा म्हणता? निघा!"

 सर अर्धा कप ठेवून रस्ता ओलांडून गेले. तो राग मी आठ महिने जपला. ते गॅलरीत दिसले की तोंड फिरवायचो.

परवा त्या चौघांतल्या नागेश प्लंबरने विचारलं, "मालक, त्या दिशी सरांवर येवढं का भडकला?" कारण सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला.

"आवो, तुमी फोनवर होता की! सर आमाला शिकवत होते. दोन कण आसले की एक देणारा, एक घेणारा. घेणारा नसंल तर देणाऱ्याचा हात हवेतच ऱ्हातोय. म्हनले, माजं घरात बी कुनी ऐकत न्हाय, एक आमचे मालक पक्के घेणारे."

तोंडात मारल्यासारखं झालं. नव्वदचा एक एल्बो तापवून हाताने उघडत बसलो; दोन बोटं भाजली. तो घेऊन सरांच्या दारात गेलो. कोणत्याही व्यापाऱ्याला गप्प करणारा मी, पण "चुकलं" एवढा शब्द तोंडातून निघेना. नुसता एल्बो पुढे केला.

सरांनी कोनमापक लावला. 

"एकशे सात," ते म्हणाले. "थोडं जास्तच झालं, मालक."

एल्बोबद्दल म्हणाले की दसऱ्याबद्दल, हे विचारायचा धीर मला झाला नाही.