अनवाणी प्रदक्षिणा

विमलमावशी चालता चालता मध्येच आरती म्हणायला लागायची. भक्तीनं नव्हे, तपासणी म्हणून. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सूर नीट लागला की ती स्वतःवरच चिडायची. "गळा चालतोय म्हंजे पाय आळशी झालेत. उचल पोरी."

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं हारांचं दुकान. माहेर सायखेड्याचं, बोली शेवटपर्यंत तिकडचीच. तीस वर्षं पाटावर बसून झेंडू ओवला, त्या बसण्यानंच साखर वाढली, असं तिचं म्हणणं. साखर माझीही वाढलेली, म्हणून दोघींना रोज पाऊण तास भरभर चालायला सांगितलं होतं. मावशी काही केल्या रस्त्यावर चालेना. "बिनकामाची बाई रस्त्यानं पळती, लोक काय म्हनतील?"

तोडगा मीच काढला. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा देवळाला प्रदक्षिणा घालू, कोण विचारतंय? अनवाणी चालू नका, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीनं ते आठवूनही दिलं. मीच म्हणाले, देवळात चपला कशा घालणार, एवढ्यानं काय होतंय.

तीन महिन्यांत ती बदलली. घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसणारी बाई एका दमात वर जाऊन माझी वाट बघत उभी राहायची. "म्हातारी कोन गं आपल्यात?"

चैत्र लागला, फरशी तापली. मी उड्या मारत सावलीत पळाले. ती रोजच्याच वेगानं चालत राहिली.

"मावशी, तुला चटके बसत नाहीत?"

"देवाच्या दारात कसले चटके? मला नाय लागत."

मला तिचा हेवा वाटला. आग लागो माझ्या अकलेला. साखरेनं तिचे तळपाय केव्हाच बधिर केले होते आणि मी त्याला श्रद्धा समजले.

फोड आला, फुटला, तिनं हळद दाबली आणि चालत राहिली. जखम चिघळली, पण दुकानातल्या फुलांच्या वासात तो वास कुणाला कळला नाही. ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेलं. गुडघ्याखाली पाय कापला, तरी विष अंगात भिनलेलंच होतं. मी रोज जायचे आणि चादरीच्या त्या बाजूला बघायचं टाळायचे.

एके दिवशी तिच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट हातात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आकडा हद्दीत होता. मी तिला वाचून दाखवला.

"म्हंजे पास झाले मी?"

"झालीस, मावशी."

"मग पाय का नेला गं त्यांनी?"

उत्तर मला ठाऊक होतं. घशापर्यंत आलंही होतं. मी म्हणाले, "देवाची मर्जी."

तिनं मान हलवली, हात जोडले. तिसऱ्या दिवशी ती गेली.