चितेगावच्या चावडीवरचा चष्मा

दिगंबरराव सोनवळकर, म्हणजे आमचे नाना, माझ्या दवाखान्यात आले तेव्हा पाटी लावून जेमतेम आठवडा झाला होता. पेशंट आला म्हणून मी आनंदाने उठले. नाना म्हणाले, "माझे डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टर. मला तुम्हीच पाहिजे आहात."

नाना भूगोलाचे प्राध्यापक. 'हातभार मंडळ' त्यांनी नुकतेच शहरातल्या खडकेश्वर भागातल्या आपल्या घरी ओसरीवर स्थापन केले होते. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष असे सगळे पदाधिकारीच होते. साधी सभासद तेवढी मी झाले, त्यामुळे कामही मलाच लागले. पहिले काम ठरले चितेगावला मोतीबिंदूचे शिबिर.

दिवस आणीबाणीचे, सक्तीच्या नसबंदीचे होते. शहरातून ऑपरेशनवाले आले, एवढे कानावर पडताच गावातले पुरुष शेतात पसार झाले. चावडीवर उरले सरपंच किसनराव, तेही दाराकडे तोंड करून.

"कसलं आपरेशन म्हन्ता?"

"डोळ्यांचं," नाना म्हणाले.

"आदी समदे तसंच सांगतेत!"

नानांनी वाद घातला नाही. ते स्वतःच खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "तपासा. गावाला बघू द्या." मी समोर अक्षरांचा तक्ता लावला. नानांनी खणखणीत आवाजात 'म' वाचला.

"सायेब, त्यो 'भ' हाय," किसनराव म्हणाले.

पुढच्या ओळीला नाना अंदाजाने वाचू लागले. खिडकीबाहेर बायका जमल्या, हसू लागल्या. हळूहळू शेतातले पुरुषही परतले. मी सर्वांसमक्ष जाहीर केले, की अध्यक्षांना चष्मा लागला आहे. नाना लाजले नाहीत. "बघा, ठणठणीत म्हणणाऱ्याचीच ही गत," एवढेच म्हणाले. मग किसनरावांच्या आई, रखमाबाई, चाचपडत पुढे आल्या. "ह्यो मानूस खोटं बोलंना. मला बसवा."

त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया मी केली. डोळा गेला असता, तर त्या भागात पुन्हा कुणी आम्हाला उभे केले नसते. काही दिवसांनी पट्टी सोडली. रखमाबाईंनी मुलाकडे टक लावून पाहिले आणि कळवळून म्हणाल्या, "आरं किसना, तू तर लई म्हातारा झालास की रं!"

किसनराव हसता हसता डोळे पुसू लागले. मंडळाची चितेगाव शाखा त्यांनीच काढली. पैठणला त्यांचे व्याही होते, म्हणून तिथे शाखा झाली. शेंद्र्याला कारखान्यातल्या पोरांनी रक्तदानासाठी काढली. मराठवाड्याचा नकाशा वर्गात शिकवणाऱ्या नानांनी तो असा सोयरिकीतून भरत नेला.

माझे यजमान आजारी पडले तेव्हा नानांनी प्रत्येक सभासदाला डबा पोहोचवायला सांगितले. आजाऱ्याला चालावे म्हणून प्रत्येक घरून मुगाची खिचडीच येई. अखेर यजमानांनी नानांपुढे हात जोडले. नानांनी दुपारच्या डब्यातली खिचडी स्वतः संपवली आणि संध्याकाळी आपल्या पत्नीच्या, मालतीवहिनींच्या हातचे भरले वांगे घेऊन आले. पथ्य मी मोडू दिले नाही. वांगेही नानांनीच खाल्ले. रात्री मात्र ते यजमानांच्या उशाशी बसून राहिले, मला झोप मिळावी म्हणून.

आज पंचाहत्तरीतही त्यांच्या मनात वैजापूरकडे नवी शाखा आहे. नानांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यांच्यामागे धावता यावे, एवढे गुडघे आम्हालाही लाभोत.