साहेबाच्या देशातला सरवा

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेऱ्यांमधली उर्दू मागं पडत गेली आणि आमच्या वडिलांची झोप उडाली. वीस वर्षं त्यांनी सगळी कारकुनी उर्दूत केली होती. आता हुकूम आला, वर्षभरात इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. बेचाळिसाव्या वर्षी वडील ए बी सी डी गिरवायला बसले. मीही त्याच साली शाळेत इंग्रजी शिकायला लागले होते, त्यामुळे आम्हा बापलेकीत एकच पुस्तक. उर्दूच्या सवयीनं त्यांची वही शेवटच्या पानापासून सुरू व्हायची. मी हसायची, ते चिडायचे, आणि पुढची वहीही उलटीच निघायची.

त्यांना एक खोड होती. शब्दाचं मूळ कळल्याशिवाय तो त्यांच्या डोक्यात ठरत नसे. फारसी ते तसंच शिकले होते. एका वकिलाकडून त्यांनी जाडजूड डिक्शनरी मागून आणली होती; तिला ते लुगतच म्हणायचे. एका संध्याकाळी त्यात ‘ग्लीन’ हा शब्द आला. अर्थ दिला होता, थोडं थोडं करून गोळा करणं, इकडून तिकडून माहिती मिळवणं. मूळ मात्र फार लांबचं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतलेला, त्याआधी लॅटिन, आणि त्याच्याही मागं कुठल्याशा जुन्या टोळीची बोली. तेव्हाचा अर्थ, कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं वेचणं. वडिलांनी तो दहादा घोकला आणि लुगत मिटलं.

आई शेजारी ज्वारी पाखडत होती. म्हणाली, “सरवा म्हंत्यात त्याला. त्यात काय अवघड हाय?”

“साहेबाच्या देशात कोण सरवा वेचतंय?”

“का? तिथं गरीब बाया नायत व्हय?”

वडिलांनी छावणीतले घोड्यावरचे साहेब पाहिले होते. त्यांच्या मुलखात कुणी वाकून कणसं वेचत असेल, हे त्यांना काही केल्या पटेना.

फाल्गुनात आम्ही पडेगावला आजोबांकडं गेलो. आईचं ते माहेर, आणि ज्वारीची मोडणी चालू होती. बाया आडव्या पडलेल्या ताटांची कणसं मोडत पुढं सरकत होत्या. वडील शहरात वाढलेले, पण स्वस्थ बसवेना. कारकुनाची नजर ती. बायांच्या मागं राहिलेलं, मातीत पडलेलं एकेक कणीस ते उचलून टोपल्यात टाकू लागले. टोपलं भरलं तेव्हा मोठ्या ऐटीत आजोबांपुढं आणून ठेवलं.

आजोबांनी टोपल्याकडं पाहिलं आणि मग बांधाकडं. तिथं चार-पाच बाया फडकी घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या.

“जावईबापू,” आजोबा हळू म्हणाले, “पडलं ते आपलं नसतंय. ते त्यांचं.”

वडिलांचा चेहरा उतरला. ते टोपलं घेऊन परत गेले आणि सगळी कणसं होती तशी वावरात पांगवली. बाया आत आल्या. वडील तिथंच उभे राहून बघत राहिले. मला उघडी जमीन दिसत होती, आणि त्यातून त्या कणसामागून कणीस काढत होत्या. शेवटी वडिलांनी एका म्हातारीला विचारलं, “मावशी, तुम्हाला एवढी दिसतात कशी?”

“उभ्यानं नाय दिसत,” ती म्हणाली. “वाकलं की दिसतंय.”

परतताना टांग्यात वडील माझ्याकडं वळून म्हणाले, “बघ ना. राजे आले, गेले, भाषा बदलल्या, आणि हा शब्द एवढ्या लांबून चालत आला. कुणाच्या पायांनी? असल्याच बायांच्या.” त्यांचे डोळे भरले होते. त्या वयात मला शब्दाचं एवढं काय ते कळलं नाही, पण आपल्या वडिलांना इतकं भारावलेलं मी प्रथमच पाहत होते.

त्यानंतर त्यांनी या वयात शिकायची लाज सोडली. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, पुड्यांचे कागद, जिथं इंग्रजी अक्षर दिसेल तिथं थांबून ते वाचायचे. अडलं की भर रस्त्यात मलाच विचारायचे.

निकालाचा कागद आला तो इंग्रजीत. वडिलांनी तो आईपुढं बसून मोठ्यानं वाचला, प्रत्येक शब्दावर थांबत.

“नोकरी राह्यली का, तेवढं सांगा,” आई म्हणाली.

“राहिली.”

वर्षभर त्यांची थट्टा करणारी आई पदरानं तोंड पुसून म्हणाली, “पडेगावला गेलतो तवाच मी बापाच्या कानावर घातलं होतं. नोकरी गेली तर भावांच्या दारात मागायला येणार नाय. पुढच्या साली सरव्याला येईन, तेवढं अडवू नका.”

मी थक्क होऊन तिच्याकडं बघत राहिले. वडील कागद हातात घेऊन उठले आणि तिच्यासमोर उभे राहिले, कचेरीत वरिष्ठांसमोर राहायचे तसे.