काठापर्यंत लाल

आमच्या शेडमध्ये कुणी "एक सांगू का?" म्हटलं की चहा दोनदा मागवावा लागतो. नांदेडजवळ, गोदावरीच्या काठावर, पुरातून माणसं काढायच्या सरकारी बोटीवर आम्ही तिघं: मी, रंगारी सलीम आणि बोट चालवणारा गंगाराम. पूर काय रोज येत नाही, मग किस्सेच साचतात. सांगताना हसू येतं, नंतर डोकं फिरतं!

*

आमची बोट कोकणातून आणलेली, सेकंडहँड. तिच्या तळाला समुद्रातल्या बोटींचा विषारी लाल रंग. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात म्हणे. गंगारामनं साहेबांना विचारलं, "साहेब, आपल्या गोदावरीत कुठं हायत ते चिकटणारे शिंपले?"

"दरवर्षी मारायचा असा नियम आहे. मारा!"

मारला. दर पावसाळ्याआधी, जुन्यावरच नवा. खरवडणं मंजूर नव्हतं, रंग मंजूर होता. साहेब बदलायचे, नियम तोच!

*

एका दुष्काळात ही बोट प्रात्यक्षिकासाठी लातूर जिल्ह्यात नेली, किल्लारीच्या बाजूला. तळ्यात बकऱ्या चरून राहिल्या होत्या! साहेब हटतात होय? बोट ट्रॉलीवरच ठेवली, आम्हाला लाईफ जॅकेट घालून वर बसवलं आणि फोटो काढले. एक म्हातारी घागर घेऊन जवळ आली. "बाबांनो, पाणी आणलाव का?"

आमच्या प्यायची बाटली होती, ती देऊन टाकली. फोटो छान आले होते.

*

आता हे ऐका. गेल्या वर्षी बिलोलीकडं पूर आला. बाभळीवर एक माणूस अडकला होता, टॉवेल हलवून राहिला होता. गंगारामनं इंजिन पूर्ण पिळलं. पण थरावर थर, त्यात पोपडे सुटून तळ खडबडीत झालेला. बोट म्हशीसारखी जड, धारेपुढं सरकंना. पोचलो तेव्हा फांदीला टॉवेल होता. माणूस नव्हता.

त्या दिवसापासून गंगारामचं एकच पालुपद. "हिला खरवडू द्या. पुढच्या खेपेला माणूस हाती लागला पायजे."

*

यंदा एकदाची परवानगी मिळाली. मास्क नाही मिळाले! मागितले तर गोडाऊनमधून सत्काराच्या उरलेल्या शाली आल्या. भर उन्हात तोंडाला जरीच्या शाली बांधून आम्ही खरवडत बसलो. लोखंडी पट्टीनं भाकरीएवढे पोपडे निघायचे. सलीम एकेक थर ओळखायचा. "ये डार्क वाला पहिल्या साहेबाचा. और ये विटकरी, जो सस्पेंड हुआ था उसका!"

बदल्या झाल्या तरी सगळे साहेब आमच्या बोटीवर बसूनच होते. पळंल कशी?

उरलेलं मग पॉलिश पेपरनं घासलं. संध्याकाळी चहावाल्यानं आमच्या थुंकीकडं बघून विचारलं, "आज समद्यांनीच पान खाल्लं का हो?"

कुणीच खाल्लं नव्हतं. सलीमचा खोकला अजून गेलेला नाही.

*

तळ पांढरा स्वच्छ झाला. पाण्यात सोडली तर बोट अशी पळाली म्हणता! गंगाराम पोरासारखा ओरडला, "आता येऊ दे कितीबी पाणी!"

काठावर सध्याचे साहेब उभे. "अरे, ही बोट आहे का धुतलेलं पातेलं? परवा वरिष्ठ बघायला येणार आहेत. लाल मारा. नुसता तळ नको, पार काठापर्यंत. लांबून दिसली पाहिजे!"

गंगारामनं हात जोडले. "साहेब, आभाळ भरून आलंय. ह्यो रंग वाळायचा न्हाई."

"पाहणी आधी आहे, पूर नंतर!"

रडल्यासारखं तोंड करून सलीमनं ब्रश उचलला.

*

पूर काही साहेबांना विचारून आला नाही. दुसऱ्याच दिवशी फोन आला, गेल्या वर्षीच्याच भागातून. बोटीपुढं पाटी होती: रंग ओला आहे, हात लावू नये. गंगारामनं ती लाथेनं उडवली, बोट पाण्यात ढकलली. आणि पळाली हो बोट! या वेळी वेळेत पोचलो.

एका घराचा पत्रा बुडत आला होता, वर पाच जण. बोट जवळ जाताच पत्रा खाली गेला आणि सगळे पाण्यात. सगळ्यांनी बोटीचा काठ धरला. चौघांना वर ओढलं. पाचवा म्हातारा होता. त्याचा हात ओल्या रंगावरून घसरला, त्यानं परत धरला, परत घसरला. गंगारामनं त्याचं मनगट पकडलं, तर तेही रंगानं बरबटलेलं. हाती लागला होता हो माणूस. लागून सुटला!

दुसऱ्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. बोटीच्या काठावर सगळीकडं पंजे उमटले होते. एका जागी बोटांच्या रेघा खालपर्यंत ओढत गेल्या होत्या. साहेबांचा पारा चढला. "पाटी लावली होती ना? कुणी लावला ओल्या रंगाला हात?"

गंगाराम उठलासुद्धा नाही.

"बुडणाऱ्यांनी, साहेब."