आक्का, तुमची वीत लावा

दगू मिस्त्री गाडीवाल्याच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. गाडी येऊन थांबली की हा मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा, पंजा ताणायचा आणि टायर नि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत आपली वीत घालायचा. मग दुसऱ्या चाकाशी, मग पुढच्या दोन्हींशी. चारी चाकं झाल्यावर उठला की पहिलं वाक्य, "एवढी कुणी मारली हिला?" गाडीवाला बिचारा म्हणायचा, "मिस्त्री, जरा करकर वाजतंय मागं, एवढंच." तर हा खेकसायचा, "तू गप रे. मी गाडीला इचारतो हाय."

पेठ नाक्याच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. जातीचा लोहार. बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा, हा जीपगाड्यांच्या कमानी बसवायचा. कमान म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेले लोखंडी पाटे. गाडीचा नि आपला सगळा भार त्यांच्यावर. त्याची आठवण निघाली की लोक म्हणतात, "फार तापट होता हो!" होता तापट. पण आज माझ्या पोटात त्याच्यापेक्षा जास्त राग आहे. इतकी वर्षं झाली, माझे मालक गेले, केस पिकले, राग काही पिकला नाही.

आमचा मळा मखमलाबादकडे. टोमॅटो, कोबी, थोडी शेवंती. नव्वदच्या दशकात मालकांनी सरकारी लिलावातली एक आखूड जीप घेतली होती, बाजारात माल न्यायला. माल भरला की ती मागून बसायची, म्हशीसारखी. म्हणून एकदा भरल्या गाडीनिशीच बाजारातून दगूकडे वळलो. मी टोमॅटोच्या जाळ्यांना टेकून मागे बसले होते. गाडी थांबली तशी मी उतरायला लागले, तर हा ओरडला, "आक्का, उतरू नका! बसा हाय तिथंच."

"अहो, पण तुम्हांला माप घ्यायचंय ना?"

"तुमच्यासकटच घ्यायचंय. तुम्ही काय फुलाच्या वजनाच्या हाये का?"

मालक खो खो हसले. मी लाजेनं मेले. दगू मात्र हसला नाही, तो चाकात हात घालून बसला होता. मग म्हणाला, "रिकाम्या गाडीची उंची म्हंजे बाजार भरायच्या आधीचा भाव. त्याच्यावर इसंबून कोण घर चालवतं?"

त्यानं जुने पाटे काढले, भट्टीत लाल करून त्यांना पुन्हा बाक दिला, मोडकळीला आलेला एक बदलला. सात पाटे. बसवून झाल्यावर त्यानं मालकांना नाही, मला खाली बोलावलं. "मालकाचा हात कधी मळ्यात, कधी मार्केटात. तुमचा घरात ऱ्हातो. लावा वीत." मी अंगठा टायरवर टेकवला आणि करंगळी मडगार्डला लागली. "भरल्या गाडीला तुमची एक वीत. रिकाम्या गाडीला वीत नि वर तीन बोटं. ह्याच्यात कमी झालं तर पाटे थकले. जास्त झालं तर कुणीतरी शहाणपणा केला. दोन्ही टायमाला माझ्याकडं यायचं."

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला-वाचायला पुढं माझी मीच शिकले, पण कुणी माझ्या हाती माप दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. दर महिन्याला मी गोठ्यासमोर जीपच्या चाकात हात घालायची आणि धाकटा दीर, विलास, खिदळायचा. "वहिनी, गाडीची नाडी बघता का?"

हा विलास कॉलेजात दोन वर्षं काढून परत आलेला. गंगापूर रोडला त्याचे मित्र, त्यांच्या उंच उंच गाड्या, त्याला आमची जीप बुटकी वाटायची. एके दिवशी कुठून तरी चार रुंद टायर घेऊन आला. जुन्या टायरांवर नवीन रबर चढवलेले, रिमोल्ड. बसवले तर मडगार्डला घासायला लागले, वळणावर खर्रर्र आवाज. मग घेऊन गेला जीप दगूकडे, मी सोबत होते, मला कांद्याचं बी आणायचं होतं.

"मिस्त्री, मागून-पुढून उचलून द्या. दोन पाटे वाढवा, म्हणजे घासणार नाही."

दगूनं टायरवरून तळवा फिरवला. "टायर घासतंय म्हणून गाडी उचलायची? बूट चावतो म्हणून पाय कापशील का रं?"

"उंच गाडी दिसते भारी."

"दिसती ना. उभी आसंल तवर दिसती. सात पाट्यांचे नऊ केले की रिकामी गाडी दगडासारखी व्हती. खड्डा आला की मागचं चाक भुई सोडतं. त्यात उंची वाढली, त्यात हे असलं रबर. वळणावर ती तुझं ऐकणार नाय. भाजी वाहतूस का बाया नाचवतूस? गाडीला उंच टाचा कशाला पायजे?"

"तुम्ही करणार की नाही, तेवढं सांगा."

"नाय. आन् दुसऱ्यानं केली तरी माझं नाव घेऊ नको."

विलासनं हायवेवरच्या एका गॅरेजातून करून आणलीच. अंगणात उभी केली, मालकसुद्धा भोवती फिरून बघून आले. मी रिकाम्या जीपच्या चाकात हात घातला. वीत झाली, वर आख्खी मूठ झाली, तरी फट उरली. मी म्हटलं, "अहो, हे फार आहे." मालक म्हणाले, "तू स्वयंपाकाचं बघ." आणि मी बघितलं स्वयंपाकाचं. हेच खरं आहे.

आमच्याकडे हंगामाला पेठकडची माणसं कामाला यायची. त्यातली जनाबाई दहा वर्षं येत होती, माझ्या मुलांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. हंगाम संपला, विलास तिला जीपनं गावी सोडायला निघाला. रस्ता ओला, गाडी रिकामी, पुढे हे दोघंच. सावळघाटाच्या वळणावर जीप मागून फेकली गेली आणि कलंडली. विलासच्या कपाळाला दोन टाके. जनाबाईचा खुबा मोडला. सिव्हिलमधून ती काठी घेऊन बाहेर आली, भातलावणीला पुन्हा कधी वाकली नाही.

विलास घरी आल्या आल्या काय म्हणाला? "दगूनं बसवलेला पाटा तुटला."

ट्रॅक्टरनं ओढत जीप अंगणात आणली होती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे, शेण काढायच्या आधी, खाली वाकून बघितलं. बोटानं एकेक पाटा मोजला. नऊ. एकही तुटलेला नव्हता, तडासुद्धा नाही. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. पोराचं लग्न ठरतंय. लोहाराचं काय जातंय?"

लोहाराचं काय जातंय! आठ दिवसांत पेठ नाक्यावरच्या सगळ्या जीपवाल्यांत झालं, दगूचे पाटे तुटतात. प्रवासी आधी विचारायचे म्हणे, कमान कुणाची आहे. ज्यांच्या गाड्या त्यानं पंधरा पंधरा वर्षं उभ्या ठेवल्या, ते रस्ता बदलून जायला लागले.

तो स्वतः आला आमच्याकडे. धुतलेला सदरा घालून. अंगणात मालक, विलास, भाऊबंद, आठ-दहा माणसं. "मला गाडी बघू द्या," म्हणाला. मालक म्हणाले, "लांबूनच बघ. हात लावायचा नाही. अजून नुकसान नको."

दगू तिथंच थांबला. जीपकडे त्यानं बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणसांच्या तोंडाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला. "बरं. मी नाय लावत हात. आक्का, तुमची वीत लावा. तुम्हीच सांगा, ही माझी उंची हाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकही बघत होते. आणि मी माझा हात पदराखाली घेतला.

त्यानं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चपला घातल्या आणि निघून गेला. पाऊस उघडायच्या आत शेडवरचे पत्रे उतरले, दगू मनमाडला लेकीकडे राहायला गेला. जावई रेल्वेत होता.

मला झोप लागेना, अन्न गोड लागेना. माहेरी जाते सांगून एक दिवस मी मनमाडची बस धरली. क्वार्टरच्या ओट्यावर तो बसला होता, नातीच्या सायकलचं चाक मांडीवर घेऊन. मी रडायलाच लागले. म्हटलं, "दगूभाऊ, माझं चुकलं. तुमचा काही दोष नव्हता."

"किती पाटे व्हते?" त्यानं वर न बघता विचारलं.

"नऊ."

"तुटलेला?"

"एकही नाही."

त्यानं सायकलचं चाक खाली आपटलं. लेक घाबरून दारात आली. "मंग माझ्याकडं कशाला आलात, आक्का? मला तर म्हाईतच हाय! ज्यांना म्हाईत नाय त्यांच्याकडं जा की! इथं येऊन रडता, माझ्या दारात? पेठ नाक्यावर रडायला काय झालं व्हतं?"

लेकीनं चहा आणला. त्यानं मला माफ केलं नाही, पण चहा पिऊनच जायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेठ नाक्यावर उतरले. दहा-पंधरा जीपा लागलेल्या, ड्रायव्हर गप्पा मारत उभे. मी मधोमध उभी राहिले आणि ओरडले. हो, ओरडले. आमच्या गाडीला दगूचे सात होते, विलासनं नऊ करून आणले, मी मोजलेत, मी कुणी उपरी नाही की वेडी नाही, मखमलाबादच्या मळ्यातली बाई आहे, आणि आमच्या घरानं त्या माणसावर खोटा आळ घातला. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आता बोलून काय? मिस्त्री तर गेला." मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं ना? मग ऐक."

मालक माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत. विलासचं लग्न झालंच, काही मोडलं नाही. दगू परत आला नाही. दोन-तीन वर्षांनी मनमाडलाच वारला. जनाबाईकडे मी जाऊन आले, तिच्या काठीकडे बघवलं नाही.

आता नातवानं छोटी, उंच गाडी घेतलीय. दाखवायला घेऊन आला, तशी मी चाकाशी वाकले आणि पंजा ताणला. "आज्जी, काय करतेस? कंपनीनं मोजून दिलीय!" म्हणाला. मी म्हटलं, "तू गप. मी गाडीला विचारतेय."

आणि तुम्ही, हे वाचणारे, दगूला कधी बघितलेलं नाही तुम्ही. तुम्हांलाही माहीत नव्हतं. म्हणून सांगितलं. सात पाटे होते, ते नऊ झाले. त्यांतला एकही तुटला नव्हता.