नावं बसतायत

"दादा, नावं बसतायत अजून." फोन उचलला की त्याचं हेच पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मुलीच्या लग्नाचं शूटिंग बोईसर स्टेशनजवळच्या या गृहस्थाला दिलं, ती माझीच हौस. असा कारागीर तुमच्याही नशिबी आला असेल: हात सोन्याचा, पण वेळेच्या नावानं शंख.

दातिवऱ्याला माझी आई कमरेचं हाड मोडून खाटेवर. नातीचं लग्न तिला बघता आलं नव्हतं. रोज फोनवर विचारायची, "आलं का रे लगीन?" आणि हा बाबा महिनाभर सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांतच अडकलेला!

दुकानात जाऊन भांडलो, तर मलाच शिकवायला लागला. "जुन्या सिनेमात पुस्तकाचं पान उलटायचं, नाव यायचं. कुठं वाळूवर नावं, लाट येऊन पुसायची. आता अर्धा तास मारामारी, मग नाव. ही काय रीत झाली? आधी माणसं सांगावीत, मग गोष्ट."

"अहो, लग्न आहे हे! ते फिरणारे बदाम टाका आणि द्या."

"बदाम?" काढा प्यायल्यासारखं तोंड केलं त्यानं.

उमरोळीचा बँडवाला, वाढपी, हळद दळणाऱ्या बायका, सगळ्यांची नावं त्यानं माझ्याकडून वदवून घेतली. पाण्याच्या टँकरवाल्याचं नाव विचारायला मी कुंभवलीला खेटा घातला. आता बोला!

"आणि आजीचं?"

"ती लग्नात नव्हतीच हो."

"नाव विचारतोय दादा, हजेरी नाय."

सांगितलं. त्यानं घराचा पत्ताही घेतला. दुसऱ्या दिवशी फोन दिवसभर बंद. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आठवड्यानं पेनड्राइव्ह मिळाला. रविवारी दातिवऱ्याला नेऊन टीव्हीला लावला. सुरुवातीलाच आईचे हात! खाटेवर बसून अबोलीचा गजरा ओवणारे. फोन बंद होता त्या दिवशी हा तिथं जाऊन आला होता, आणि म्हातारीनं मला पत्ता लागू दिला नव्हता. पहिलं नाव तिचं. मग फूल ओवलं की एक नाव, फूल ओवलं की एक नाव. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचत गेलो. तिचं नाव जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर उच्चारलं.

अकरा मिनिटांनी टँकरवाला आला आणि पडदा काळा. लग्न त्यात नव्हतंच!

तिथूनच फोन करून झापला त्याला. "पाट्या झाल्या ना दादा? आता लगीन काय, चार दिवसांचं काम."

तिसऱ्या दिवशी दुकानात बसल्याजागीच गेला. ऐकल्यावर मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. रडू नंतर आलं. कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. दुकानाला कुलूप, लग्न आत.

आईला हे कळू दिलेलं नाही. दर रविवारी ती पाट्या लावायला सांगते, मी वाचतो. टँकरवाला आला की विचारते, "पुढचं कवा देणार हाय तो?"

"देईल गं," मी म्हणतो, "नावं बसतायत अजून."