तेलेस्फोरचा डावा डोळा

कोबाल्ट गावातल्या चांदीच्या खाणीत तेलेस्फोर झँग्राचा थोरला भाऊ गाडला गेला, तेव्हाच तेलेस्फोरनं ठरवलं: उपाशी मरेन, पण पुन्हा खाली उतरणार नाही. १९०७ पासून तो आमच्या आइस हॉकीच्या संघात पगारी गोलकीपर होता. पायाला क्रिकेटचे पॅड, तोंड उघडं. गोलकीपरनं बर्फावर पडून खेळाची रबरी चकती अडवली की पंच त्याला बाहेर काढायचे. उभं राहूनच मार खायचा. असला कसला नियम, देव जाणे!

चौथ्या हिवाळ्यात चकती त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. सूज उतरली, नजर काही परत आली नाही. हे ठाऊक फक्त त्याच्या बायकोला, रोझाल्बाला, आणि मला. मी बचावाला त्याच्या पुढ्यात असायचो. डावीकडून कोणी आलं की ओरडायचो.

"एवढा बोंबलतोस कशाला रे?" मॅनेजर मॅकअल्पिन चिडायचा.

"अंगात ऊब येते, साहेब!"

तेलेस्फोर मागून हळूच म्हणायचा, "बोंबल बाबा. तुझ्या तोंडावर माझं घर चाललंय."

शेवटचा सामना. त्यानंतर पुढच्या वर्षाचे करार ठरणार होते. आम्ही एका गोलनं पुढे, पाच मिनिटं उरलेली. समोरच्या एका दांडगटानं माझ्या बरगडीत काठी खुपसली आणि माझं डोकं फिरलं. मी बाहेर गेलो तर तेलेस्फोरचं काय होईल, कळत होतं. तरी हाणलीच. मूर्ख मी! पंचांनी तीन मिनिटं बाहेर बसवलं.

कठड्यामागून घसा फाटेस्तोवर ओरडलो, पण त्या कल्लोळात ऐकू कुणाला येणार? डावीकडून दोनदा चकती आत गेली. तो हललाही नाही. तिसऱ्यांदा स्केटचा आवाज ऐकून बिचाऱ्यानं तिकडे अंगच टाकून दिलं. त्या गड्याकडे चकतीच नव्हती. लोक खदाखदा हसले.

हरल्यावर मॅकअल्पिननं त्याच्या डाव्या डोळ्यापुढे मूठ नाचवली. पापणी लवली नाही. मग माझ्याकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

तेलेस्फोर माझ्याकडेच बघत होता. माझाही करार व्हायचा होता.

"मला काय ठाऊक, साहेब? मलाही फसवलं त्यानं."

तेलेस्फोरनं पायाचे पॅड सोडून ठेवले आणि गेला.

मे महिन्यात तो खाणीत उतरला. "खाली अंधारात एक डोळा पुरतो," मॅकअल्पिन म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो.